पाळणाघर कुणाच्या पगारातून

आमच्या घरी माझा पगार आला की त्यातून आधी पाळणाघराची फी बाजूला निघते. नवऱ्याच्या पगारातून गाडीचा हप्ता जातो, किराणा येतो, पण मुलगी मात्र माझ्या पगारातून. हे कुणी ठरवलं मला माहीत नाही. मी विचारलंही नाही. माझा स्वभावच तसा.

पाळणाघर केडगावातच, आमच्या मागच्या गल्लीत. एक काकू आपल्या हॉलमध्ये आठ मुलं सांभाळतात. मदतीला शेवगावकडच्या एक ताई. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर ताई ऊसतोडीला गेल्या आणि काकूंची कंबर धरली. म्हणून यंदा काकूंनी नवरात्राआधीच फी वाढवली. ताईंना जास्त पैसे देऊन थांबवायचं, असा त्यांचा बेत.

आम्ही सगळ्या आया त्यांच्या दारात जमलो. बापांपैकी एकही नव्हता. एकीने मला कोपराने ढकललं. "तू बोल. तू इंग्लिश मीडियमची."

इंग्लिश मीडियममध्ये फीबद्दल भांडायला शिकवत नाहीत. मी एवढंच म्हणाले, "काकू, जरा जास्तच होतंय."

"मग तूच सांग, दूध स्वस्त झालं का गॅस? मला काय हौस आहे? दिवसभर तुमच्या पोरांचे शेंबूड मी पुसते, आणि जास्त तुम्हाला होतंय?"

फी वाढली.

आठवड्याने मी मुलीला आणायला गेले, तर काकू डोक्याला हात लावून बसलेल्या. समोर ताई, कडेवर कुणाचं तरी बाळ.

"मुकादमानं उचल नवरा-बायकोच्या जोडीला दिलीय, काकू," ताई सांगत होत्या. "आगाऊ पैशे घेऊन बसलोय आमी. मी हितं ऱ्हायले तर मालकासंगं कोयता कोन धरनार?"

"अगं, मग आधी सांगायचंस ना! मी आयांशी भांडून बसले तुझ्यापायी."

"तुमी मला कुठं इचारलं? तुमी त्यास्नीच इचारलं."

काकू माझ्याकडे वळल्या. दसऱ्यापासून शी-शू सांगणारी मुलंच ठेवणार, म्हणाल्या. एकटीला लंगोट बदलणं जमणार नाही.

"आणि फी?" मी विचारलं.

"फी आहे तीच. एवढं ऐकून घेतलंय, आता कमी करू?"

माझी मुलगी दीड वर्षाची. ती शी झाल्यावर सांगते, तेही हसत.

नवरा जेवता जेवता म्हणाला, "मग तू थोडे दिवस घरी थांब ना. तसाही तुझा पगार तिकडेच जातो."

मी ताटातला भात कालवत राहिले. मग म्हटलं, "पुढच्या महिन्यापासून फी तुझ्या पगारातून. मग तू थांब घरी."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने सासूबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "कपाशी वेचायला मानसं मिळंनात, मी कुठं येऊ? आन् पोरगी काय, शिकंल की आपोआप."

आपोआप. दसरा दोन आठवड्यांवर आला होता.

शेवटी आम्ही आळीपाळीने रजा काढल्या. त्याने ऑफिसात ताप सांगितला. मुलीला पॉटीवर बसवायला रजा हवी, हे त्याला सांगवेना. दिवसभर त्याला "काळजी घे"चे मेसेज येत होते, आणि हा बाथरूमच्या दारात उकिडवा बसून मुलीसाठी गाणी म्हणत होता. मी माझ्या ऑफिसात खरं कारण सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, असं किती दिवस चालायचं?"

पोरगी त्याच्या गाण्यांना बसायची, माझ्या विनवण्यांना नाही. कधी सांगायची, कधी सांगून पळून जायची.

दसऱ्यानंतर पहिल्याच सकाळी काकूंनी दारातच विचारलं, "सांगते ना आता?"

आत पाच पोरं रडत, खेळत होती. ताई नव्हत्या. काकूंचे केसही विंचरलेले नव्हते. साडेनऊला मला ऑफिसात पोहोचायचं होतं.

"हो, सांगते," मी म्हटलं, आणि चड्ड्यांनी फुगलेली पिशवी त्यांच्या हातात न देता दारामागच्या खुंटीला गुपचूप अडकवली.