टेकडीवरचा आवाज

आमच्या गावाला, पाटणच्या डोंगरात, फोन लावायचा तर देवळामागच्या टेकडीवर चढावं लागतं. तिथंही रेंज येते-जाते. त्यामुळे फोनवर बोलायचं म्हणजे ओरडायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं. नववीत शाळा सोडून मी बदलापूरला, शिरगावात मावसभावाच्या खोलीवर आलो, तो हा आवाज घेऊनच.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एसी-फ्रिज दुरुस्तीचा कोर्स लावला. हत्यारं पटकन हातात बसली. पण मधूनमधून एक मॅडम यायच्या, गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं ते शिकवायला. दोघांना पाठीला पाठ लावून बसवायच्या. एक गिऱ्हाईक, एक मेकॅनिक, फोन खोटाखोटा. माझी मेकॅनिकची पाळी आली.

"हॅलो! एसीवाला बोलतोय! घरी हायसा का?"

वर्गात हशा पिकला. माझं गिऱ्हाईक झालेला पोरगा म्हणाला, "भाई, फोन ठेव, खिडकीतूनच ऐकू येतंय."

मॅडम हसल्या नाहीत. "घरी कुणाशी बोलतोस असा?" मी टेकडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तो आवाज आईसाठी ठेव. इथं माणूस तुझ्या शेजारीच बसलाय असं समज." त्यानंतर वर्ग सुटल्यावरही मला थांबवून सराव घ्यायच्या. त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं. आज मी फोनला हात लावतो तो त्यांच्यामुळे.

कोर्स संपल्यावर जवळच्याच दुकानात ट्रायलवर लागलो. शेठ सिंधी, बोलणं गोड पण रोखठोक. "देख बेटा, काम तेरा ठीक है. लेकिन कस्टमर बोला लड़का चिल्लाता है, तो छुट्टी."

इथून काढलं तर गावच गाठायचं होतं. मावसभावाचं लग्न ठरलेलं, खोलीत मला जागा कुठली? वेगळी खोली घ्यायची तर पगार हवा. प्रत्येक फोनआधी तळहात पॅन्टला पुसायचो. अर्धं वाक्य नीट जायचं. पलीकडून "क्या? कौन?" आलं की आवाज आपोआप टेकडी चढायचा. शेठ मान वर करायचे. मी श्वास घ्यायचो, पुन्हा खालच्या पट्टीत, "सर, एसीची कम्प्लेंट होती ना आपली?" रस्त्यानं जातानाही तेच पुटपुटायचो. लोक वळून बघायचे.

परवा शटर ओढताना शेठ म्हणाले, "कल से पक्का."

बाजाराच्या दिवशी आई संध्याकाळी टेकडीवर येते. नेमका तोच दिवस. खोलीवर येऊन गॅलरीतून फोन लावला. "आई, पक्कं झालं," मी हळूच म्हणालो. आता सवयच तशी लागलेली.

"आवाज का असा? बरं न्हाई व्हय? काढलं का रं कामावरनं?"

"नाही गं, उलट..."

"रडू नगं लेकरा. ये माघारी."

"आई! नोकरी पक्की झाली! पक्की!"

समोरच्या बिल्डिंगमधली खिडकी उघडली. खालून कुणी विचारलं, "काय झालं रे भाऊ?" पलीकडं आई टेकडीवरून खाली घराकडं ओरडून सांगत होती.

मी फोन खिशात टाकला, तळहात पॅन्टला पुसले. सकाळचा पहिला फोन मलाच करायचा होता.