दुधातली साखर आणि लक्ष्मणराव सर

लक्ष्मणराव सरांना जाऊन आता दोन वर्षं होतील. तेलंगणातल्या आदिलाबादच्या कॉलेजात ते आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. माणूस मूळचा महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या वांकिडीकडचा, घरचं बोलणं मराठी, आवाज खणखणीत, आणि गुण देताना हात असा आखडता की विचारू नका. त्यांची आठवण आली की मला अजूनही आधी थोडा रागच येतो.

आमच्या गावी, तामसीला, दहावीपर्यंत मी मराठीतून शिकले. कॉलेजात सगळं इंग्रजी, पोरीपोरींत तेलुगू. पुस्तकातलं वाक्य मनात मराठीत करेपर्यंत सर पुढच्या पानावर गेलेले असायचे. सहामाहीला माझा संयम संपला आणि मी अख्खा पेपर मराठीत लिहून दिला. सरांनी तो अक्षर न् अक्षर वाचला, उत्तरं सगळी बरोबर आहेत असं मला तोंडावर सांगितलं आणि शून्य दिलं. वर्षअखेरचा पेपर तपासणाऱ्याला मराठी येणार नाही म्हणे.

बाबांनी शून्य पाहिलं आणि विषय संपवला. चंपतराव म्हणजे माझे बाबा, वांगी-टमाट्याचा मळा करायचे, थोडकं बोलायचे. पोरीनं वर्षभर घरी इंग्रजी पक्कं करावं, मग पाहू, असं त्यांनी ठरवलं. घरी बसलेल्या पोरीचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या मावसबहिणीचं पुस्तक मिटलं ते मिटलंच. मी दोन दिवस जेवले नाही.

आठवडाभर मी दिसले नाही म्हणून सर बस पकडून थेट मळ्यात आले. वाटलं, इंग्रजीवर भाषण देतील. पण बांधावर बसून ते बाबांना आतड्यातल्या जीवाणूंची गोष्ट सांगू लागले. जीवाणूपुढे दोन साखरा ठेवल्या, एक आयती पचणारी ग्लुकोज आणि दुसरी दुधातली, तर तो आधी आयती संपवतो. तोवर दुधातली साखर पचवण्याची जनुकं त्यानं बंदच ठेवलेली असतात, उगाच कशाला राबा? आयती संपली की त्याची वाढ थांबते.

"मंग मरते का तो?" बाबांनी विचारलं.

"नाई मरत. ती जनुकं चालू करून नवी साखर पचवायचं सामान तयार करून राह्यला असते. पाहणाऱ्याले वाटते, बसला आहे नुसता."

बाबा हसले. हेच तर आपण म्हणतोय, पोरीला घरी बसून तयारी करू द्या, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"तसं होत नाई, चंपतराव," सर म्हणाले. "दुधातली साखर समोर असंल, तवाच ते जनुक चालू होते. समोर नसंल तं वर्षभर ठेवा, बंदच राहीन."

बाबा बराच वेळ वांग्याची पानं उलटून कीड पाहत राहिले. मग आईला हाक मारून म्हणाले, सोमवारी आपल्या रूपाचा डबा लागंल.

पुढच्या वर्षी तोच धडा सरांनी वर्गात शिकवला, सगळा इंग्रजीतून. तास संपल्यावर माझ्या ध्यानात आलं, एकही वाक्य मी मनात मराठीत केलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की बसमध्ये मी एकटीच हसत बसले.

घरी पोचले तर बाबा वाटच पाहत होते. आज काय शिकवलं, त्यांनी विचारलं. मी मोठ्या उत्साहानं सुरुवात केली आणि अडले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. गोष्ट बांधावरचीच होती, सगळं समजलेलंही होतं, पण डोक्यात शब्द इंग्रजीच येत होते; बाबांना समजेल असा मराठी शब्द काही केल्या तोंडात येईना.

"राहू दे," ते म्हणाले. "सर येतीन कधी, तं त्याईले इचारीन."