आमची मातीची मंडळी, चिक्कडपल्ली

माती कालवणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक नखांतली माती आणि दुसरे किस्से. नखं घासली की साफ होतात. किस्से मात्र अजून निघता निघत नाहीत!

चिक्कडपल्लीत विष्णुपंतांच्या परसात आमचं तिघांचं मूर्तिकाम चालायचं. विष्णुपंत शाळेत ड्रॉइंग मास्तर, सलीमभाई सिकंदराबादला रेल्वेत क्लार्क, आणि मी कोर्टात कारकून. निजामी सरकार जाऊन हिंदुस्थान सरकार येऊ घातलं होतं, तो काळ. गावभर राजकारण पेटलेलं, आणि आम्हाला काळजी हत्तीच्या सोंडेला तडा जाईल याची!

*

माती चिकण आहे की रेताड, हे सलीमभाई दातांखाली धरून ठरवायचे. एका रविवारी मलकपेठच्या पुढे तळ्याकाठी बसून आम्ही तिघंही चिमूट चिमूट माती चाखत होतो.

"ये अच्छी है जी."

"हीसुद्धा बरी आहे. घ्या, बघा."

शेजारी कपडे धुणारी एक म्हातारी बराच वेळ टक लावून बघत होती. शेवटी ती उठली, "अय्यो, पापम!" म्हणून बिचाऱ्यांसाठी हळहळली आणि आपल्या फडक्यातली भाकरी आमच्यापुढे ठेवून निघून गेली.

आम्ही दोघं शरमेनं ओठांवरची माती पुसू लागलो. सलीमभाईंनी मात्र तुकडा मोडला. "मिट्टी से तो अच्छीच है!"

*

परतताना टांग्यात ओल्या मातीची पोती. नाक्यावर शिपायानं अडवलं. हत्यारांसाठी झडती चालू होती.

"बोरे में क्या है?"

"मिट्टी."

"शहर में मिट्टी नहीं क्या? कायकू झूट बोलते?" म्हणत त्यानं लाठी खच्चकन पोत्यात खुपसली. ती रुतली ती रुतलीच! त्यानं ओढली, टांगेवाल्यानं ओढली, मग आम्ही सगळ्यांनी ओढली. मागे टांग्यांची रांग लागली.

शेवटी शिपाई कळवळून म्हणाला, "मिट्टीच है, मान लिया! अब मेरी लाठी देके जाव!"

*

पहिला हत्ती आम्ही घाईघाईत, दमट असतानाच भट्टीत घातला. "फौज आली, फौज आली" अशी रोज नवी अफवा उठायची, त्याच दिवसांत. भर दुपारी हत्ती फुटला. धडाम! मागोमाग त्याची दोन पिल्लं. धाड, धाड!

गल्लीतली दारं पटापटा लागली. शेजारचे पेन्शनर हेडमास्तर काठीला पांढरं धोतर बांधून गच्चीवर आले आणि ओरडले, "हम किसी के तरफ के नहीं!"

*

मलकपेठच्या रेसच्या एका शौकीन नवाबांनी आपल्या घोड्याची मूर्ती सांगितली होती. माती वाळताना आटते, भाजताना आणखी आटते. घोडा बाहेर आला तो बराच लहानखुरा.

नवाबसाहेबांनी तो चहूबाजूंनी पाहिला. मग अगदी अदबीनं विष्णुपंतांकडे परत सरकवला. "मास्टरसाब, चार महीने खिलाव-पिलाव. फिर लेके आव."

*

आमच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांनी दिवाणखान्यात ठेवायला स्वतःचाच अर्धपुतळा करवून घेतला. डोक्यावर चांगली ऐटबाज दस्तार, म्हणजे निजामाच्या दरबारातली पगडी. विष्णुपंतांनी तिच्या घड्यांवर जीव ओतला होता. पुतळा वाळत असतानाच फौज खरोखर आली, सरकार बदललं आणि रस्त्यावरून दस्तारी एका रात्रीत गायब झाल्या.

वकीलसाहेब धापा टाकत परसात हजर. मागोमाग वकीलीणबाई. "पंत, ती दस्तार आधी काढा! कोणी पाहिली तर?" वकीलसाहेब म्हणाले.

"अहो, पण..."

"पण नाही नि बिण नाही! काढा म्हणतो ना!"

विष्णुपंतांनी माती कापायची तार लावली आणि दस्तार कापून उचलली. आता, जाड मूर्ती भट्टीत फुटते, म्हणून आम्ही ती आतून कोरून घ्यायचो. दस्तार गेली आणि वकीलसाहेबांचं डोकं वरून उघडं पडलं. आत काही नाही!

वकीलसाहेब चरकले. "हे... हे बुजवा की!"

"सुकत आलेल्या मातीवर ओली माती धरत नाही, साहेब," विष्णुपंत जमिनीकडे बघत म्हणाले. सलीमभाई तोंडात रुमाल कोंबून भिंतीकडे वळले.

वकीलीणबाई पुढे आल्या. वाकून डोक्यात पाहिलं. हात घालून खोली अजमावली. आणि शांतपणे म्हणाल्या,

"भावजी, खालून एक भोक पाडून द्याल? कोथिंबीर छान येईल हो यात."