माहेरचा बंब

बायको ऑगस्टात गेली. नोव्हेंबरात विहीणबाईंनी मला त्यांच्या जुफैरच्या फ्लॅटवर चहाला बोलावलं आणि सांगितलं, सुनेचं बाळंतपण आता आमच्याकडेच करू.

"आई नाही तिथं माहेर कसलं हो व्याही? तुम्ही पुरुषमाणूस. ती काय भिंतींकडे बघत बसेल?"

जावई समोर बसून बिस्किटं खात होता. बँकेत अकाउंटंट आहे, पण आईसमोर त्याला एक आणि एक दोन म्हणायची छाती नाही. मी चहा तसाच ठेवला.

"पहिलं बाळंतपण माहेरी होतं. माझी पोर माझ्या घरी येईल. मी मेलेलो नाही अजून."

"चिडताय कशाला? सोयीचं बोलले मी."

सोय. या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. ही गेल्यावर जो तो मला सोयच सांगत होता. गावाला निघून जा, सोयीचं पडेल. लहान खोली घ्या, सोयीची पडेल. आणि आता माझ्या घराला माहेर म्हणायचं नाही, कारण तेही सोयीचं नाही.

मी चौथी पास माणूस. इथं बहारीनला जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात पंचवीस वर्षं बॉयलरच्या नळ्या बदलल्या, त्यातून फोरमन झालो, म्हणून फॅमिली व्हिसा मिळाला आणि सनदला अंगण असलेलं जुनं घर भाड्यानं मिळालं. त्या घरात ही अठरा वर्षं राबली. पोरीला सहावा लागला आणि ही गेली. सकाळी छातीत जळजळतंय म्हणाली. मी म्हटलं, काल वांगी खाल्लीस त्याचं ते, सोडा पी. आणि शिफ्टला गेलो. दुपारी शेजाऱ्यानं यार्डात फोन केला. एवढंच आहे ते. सोडा पी म्हणणारा मी.

आता बंबाचं सांगतो. सनदच्या नळाचं पाणी मचूळ. दोन हिवाळ्यांत गिझरची कॉइल पांढरी होऊन जळून जायची, आणि गिझर चालू असला तरी पाणी कोमटच. ही आधीपासून म्हणायची, "पोरीच्या बाळंतपणाला मला बंब पाहिजे. लाकडाच्या जाळावरचं कढत पाणी कमरेवर पडल्याशिवाय बाईचं अंग सावरत नाही. गावाहून येताना एक आणा." मी हसायचो. म्हणायचो, विमानात बंब घेऊन बसलो तर मलाच उतरवतील. ती म्हणायची, "तुम्हाला सगळ्याचं हसूच येतं."

जुफैरहून परत येताना मी ठरवलं, बंब आणायचा. एवढं एक केलं की पुढं कुणी तोंड उघडायचं नाही.

मनामाच्या जुन्या बाजारात आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची तीन-चार पिढ्यांची घरं होती. त्यातलं एक पाडायला काढलं होतं आणि सामान भंगारात गेलं होतं, असं यार्डातल्या एकानं सांगितलं. शुक्रवारी भंगारवाल्याकडे गेलो. म्हातारा बहारिनी, मोटारीच्या उपटलेल्या सीटवर बसलेला. फुटक्या टबांखाली बंब आडवा पडला होता. तांब्याचा, चांगला मोठा, पाच-सहा बादल्यांचा. एक पाय वाकलेला, तोटी गायब, मधल्या नळकांड्यात कबुतरांनी घरटं केलेलं.

"ये क्या, चाय का?" म्हाताऱ्यानं मलाच विचारलं. विकतो ती वस्तू काय आहे हे याला माहीत नाही, आणि भाव मात्र तांब्याचा, वजनावर. मी म्हटलं आत बघ, निम्मं तांबं नाही, दगड आहे. खरंच होतं. वर्षानुवर्षांच्या खाऱ्या पाण्यानं आत क्षाराचा थर धरला होता, भिंतीच्या गिलाव्यासारखा. तो म्हणाला, दगडासकट घ्या नाहीतर राहू द्या. खलास.

मी आवाज चढवला. तोही उठून उभा राहिला. शेवटी मी म्हटलं, बेटीको बच्चा होनेवाला है, उसके गरम पानी के लिए चाहिए. त्यानं भावात एक फिल्सही कमी केली नाही, पण आत जाऊन खजुराची पिशवी घेऊन आला. "बच्चा होने के बाद माँ को खिलाना. ताकत." आणि विचारलं, तिची आई करेल ना सगळं?

मी खजूर घेतला आणि बंब पिकअपमध्ये टाकला. त्याचाही राग आला. या बेटावर कुणालाच दुसरं काही विचारता येत नव्हतं.

साफ करायला दोन आठवडे गेले. यार्डात ॲसिड मिळालं असतं, पण बाळंतिणीच्या पाण्याच्या भांड्यात मी ॲसिड घालणार नव्हतो. किराण्याच्या दुकानातून चिंच आणली, किलोनं. चिंच, मीठ आणि गरम पाणी भरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळ्यानं बाहेरून हलकेच ठोकायचं, की आतून खपल्या गळतात. रोज कामावरून आलो की अंगणात बसून तेच. खपल्यांनी बादली भरली. तेवढ्या वजनाचे पैसे मी तांबं म्हणून मोजले होते, ते आठवून भंगारवाल्याला रोज एक शिवी जायची. मग काजळी. नळकांड्यात हात कोपरापर्यंत घालून खरवडायची. नखं महिनाभर काळी होती. ही असती तर जेवायला वाढलं नसतं तसल्या हातांनी.

आत तांबं दिसायला लागलं तेव्हा पाणी भरून बघितलं. नळकांड्याच्या बुडाशी टाका सुटलेला, पाणी सरळ जाळीवर. कुणीतरी कधीतरी पाणी न भरता जाळ घातला होता. बंबाला आधी पाणी, मग विस्तव, हे आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. एवढं तांबं घरात आणि तेवढी अक्कल नाही. जेवणाच्या सुट्टीत तो यार्डात नेला आणि स्वतः पितळेचा टाका मारून ब्रेझिंग केलं. बोटीच्या बॉयलरला केलं नसेल एवढं निगुतीनं. एक पोरगेला इंजिनियर येऊन म्हणाला, हे कंपनीचं काम नाही. मी म्हटलं, नाही, बरोबर. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच कंपनीचं नसलेलं काम करतोय. तो गेला.

अंगणाच्या कोपऱ्यात सिमेंटचा ओटा केला आणि पाय बोल्टनं आवळले. उत्तरेच्या शमाल वाऱ्यानं धूर घरात शिरू नये म्हणून पत्र्याचं धुराडं भिंतीच्या वर काढून टोपी बसवली. न्हाणीच्या भिंतीला भोक पाडून बंबाला नवी तोटी केली आणि ती पाइपानं थेट आत नेली, म्हणजे बादल्या वाहायला नकोत. घरमालक आला, फेरी मारून बघितलं.

"गिझर मफी?" मफी म्हणजे नाही.

"गिझर है. काम मफी."

त्याचं एकच म्हणणं, माझ्या खजुराच्या झाडाला झळ लागता कामा नये. मी झाडाच्या बाजूनं पत्रा लावला. जळणाला बंदरावरच्या पेट्यांची लाकडं आणली, एकेक खिळा उपटून ढलप्या केल्या. रंग लावलेलं लाकूड वेगळं काढलं, त्याचा धूर वाईट. साठून राहिलेली दोन महिन्यांची लीव लिहून दिली. ती आम्ही दोघांनी गावाला जायला राखून ठेवली होती.

डिसेंबरात पोरीला मुलगी झाली. दवाखान्यातून पाचव्या दिवशी मी तिला सनदला आणली. विहीणबाईंनी डिंकाचे लाडू दिले आणि गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या, "बघा, जमतंय का."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बंबात पाणी भरलं आणि जाळ घातला. ओल नाही, गळती नाही, धूर सरळ वर. पाऊण तासात पाणी असं कढत की तोटीला हात लावता येईना. मला वाटलं, झालं. आता कोण म्हणतो माहेर नाही. न्हाणीत दोन बादल्या भरल्या, विसाणाचं गार पाणी ठेवलं, पाट ठेवला आणि पोरीला हाक मारली.

ती भिंतीला धरून धरून आली. टाके होते, वाकता येत नव्हतं. पाटाकडे बघितलं, बादल्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, तेल कोण लावणार? पाठीवर पाणी कोण घालणार?"

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. महिनाभर तांबं घासलं, टाका मारला, पाइप ओढला, धुराड्याला टोपीसुद्धा बसवली. पण बाळंतिणीला न्हाऊ घालतं ते बाईचं माणूस, बंब नव्हे, हे मी विसरलो. आमच्या घरात ते न बोलताच व्हायचं. बाप पाणी तापवतो आणि अंगणाबाहेर जातो. पुढचं आत कोण करतं ते बापानं कधी बघितलेलं नसतं.

आणि मी काय बोललो? पोरीवरच ओरडलो. "मला काय विचारतेस? जा, तुझ्या आईला विचार."

ती पाटावर बसून रडायला लागली. आवाज न करता, तोंड पदरात घालून, टाक्यांना हिसका बसू नये म्हणून. आत बाळ उठलं. मी बाहेर येऊन बंबाला लाथ मारली. पाय माझाच दुखला.

शेजारीपाजारी मराठी बाई नव्हती. म्हणजे फोन एकाच घरी करायचा होता. फोनजवळ दोनदा गेलो आणि परत आलो. तिसऱ्यांदा लावला.

"विहीणबाई, पाणी तापलंय."

"मग?"

"घालायला कुणी नाही."

 त्या म्हणाल्या, "सुनेच्या माहेरी जाऊन सासूनं बाळंतपण काढल्याचं ऐकलंय का कधी? लोक मला काय म्हणतील?"

"मला म्हणतील. सांगा, व्याह्याला अक्कल नव्हती म्हणून जावं लागलं."

"ते सांगावं लागत नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी धरून चाललो की आता जावई गाडी घेऊन येईल आणि पोरीला उचलून जुफैरला नेईल. पोरीची पिशवी भरायला बसलोसुद्धा. अर्ध्या तासानं गाडी आली. विहीणबाई उतरल्या, हातात तेलाची बाटली आणि जुनं लुगडं. पिशवीकडे बघितलं.

"ही कुठं निघाली?"

"तुमच्याकडे."

"मग मी इथं कशाला आले?" त्यांनी पदर खोचला आणि अंगणात जाऊन बंब बघितला. वरून खालून, धुराडं, पत्रा, भिंतीतला पाइप. "हे काय, बोट आणलीत का अंगणात?"

"पाणी बघा."

त्यांनी न्हाणीत जाऊन तोटीखाली बोट धरलं आणि झटक्यानं मागं घेतलं. "पाणी चांगलंय. तुम्ही व्हा आता बाहेर. आणि जाळ कमी करू नका."

मी न्हाणीच्या मागच्या भिंतीला, बंबापाशी, पाठ करून बसलो. आतून ऐकू येत होतं. पोर विव्हळत होती, पाणी खळाखळा पडत होतं, आणि विहीणबाई बोलत होत्या, "कंबर पुढं घे. रडू नकोस, पाणी लागू दे. तुझ्या आईनं मला मंडळाच्या जत्रेतल्या जेवणात सांगितलं होतं, बंबाशिवाय बाळंतीण न्हायची नाही म्हणून. मी तिला वेडी म्हटलं होतं."

मला ते माहीत नव्हतं. कुठल्या जत्रेत, कधी, कुणी कुणाला काय सांगितलं. हिनं विहीणबाईंच्या कानावरसुद्धा बंब घालून ठेवला होता, आणि ज्याच्याकडे मागायचा तो हसत बसला होता. मी ढलप्या टाकत राहिलो. राग जाळानं जात नाही, पण हाताला काम असतं.

तासाभरानं पोर शेक घेऊन, डोक्याला फडकं बांधून झोपली. विहीणबाई ओल्या पदरानं ओट्यावर बसल्या. मी चहा केला. साखर जास्त झाली, तरी त्यांनी तो संपवला.

"उद्या किती वाजता?" मी विचारलं.

"साडेसातला मुलगा आणून सोडेल. सव्वा महिना येईन मी. दोन महिन्यांच्या आत हलवायची नाही तिला इथनं, पहिलंच बाळंतपण आहे."

मी आभार मानले नाहीत. त्यांनीही वाट बघितली नाही. त्या गेल्यावर पोरीच्या खोलीत डोकावलो. जागी होती, बाळ कुशीत.

"पाणी बरं होतं?"

"चटके बसले, बाबा."

"बसतात."

ती छताकडे बघत होती. मला म्हणायचं होतं की सकाळी बोललो ते बोलायला नको होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, खजूर खा, पिशवी आहे. तिनं हात पुढं केला. मी बिया काढून एकेक देत बसलो.