जित्या नावावरची रेघ

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि मास्तर म्हणजे सरकारचा हक्काचा गडी. जनगणना आली की मास्तर, कुटुंब नियोजन आलं की मास्तर. मतदारयादीची दुरुस्ती तर दर खेपेला माझ्याच बोकांडी बसायची. घरोघर हिंडून नवी नावं लिहायची आणि जे वारले किंवा गाव सोडून गेले त्यांच्या नावावर तांबड्या शाईनं रेघ मारायची. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी काठावर होतं. गावाबाहेरचा ओढा ओलांडला की कर्नाटक लागायचं आणि निपाणीच्या तंबाखूचा खाट नाकाला झोंबायचा.

धाकटी बहीण ओढ्यापलीकडच्या गावात दिली, तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. त्यानंतरच्या पहिल्या दुरुस्तीला मी घरीच यादी पसरून बसलो होतो. तिच्या नावाशी आलो आणि तांबडं पेन उचललं. शेजारी बसलेल्या वडिलांनी, आमच्या आप्पांनी, माझं मनगटच धरलं.

"जित्या माणसाच्या नावावर रेघ मारतोस व्हय रं? आन् ती बी लेकीच्या?"

"आप्पा, तिचं नाव आता तिकडं लागंल."

"लागू दे की. म्हणून हितलं कशाला पुसतोस? उद्या निपाणी म्हाराष्ट्रात आली की एकच यादी हुईल."

निपाणी महाराष्ट्रात येणार, ही आमच्याकडं कुठल्याही अडचणीवरची मात्रा होती. कामं तटून राहायची, पण कुणाला घाई नव्हती. हद्द हलली की सगळं आपोआप सुटणार होतं. शिवाय रेघ मारायची ती मेलेल्यांच्याच नावावर, हे गावात पक्कं. लग्नात दिलेलं भांडं फुटलं तरी त्यावर कोरलेलं लेकीचं नाव कुणी घासून काढत नसे. मी शिकलेला, बदली होऊन दोन तालुके पाहिलेला माणूस, पण पेन खाली ठेवलं. पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत त्या नावापाशी डोळेझाक केली आणि खाली सही ठोकली.

तिकडं तिचं नाव सासरच्या नावानं लागलं, तेही लग्नात बदललेलं. त्यामुळं कागदावर त्या दोन वेगळ्या बायका होत्या आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

बहीण मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. वळलेल्या बिड्या कारखान्यात नेऊन दिल्या की तिथला तपासणारा मूठभर बिड्या 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. छाट म्हणजे खराब, त्यांची मजुरी नाही. पण त्या फेकून द्यायचे नाहीत, त्याही कुठंतरी विकायचे. "खराब हायत तर मोडून टाका माझ्यासमोर," असं तपासणाऱ्याला तोंडावर म्हणणारी त्या गावातली पहिली बाई म्हणजे आमची बहीण. पुढं तिकडच्या मंडल पंचायतीत बायकांना जागा राखून ठेवल्या, तेव्हा बिडीवाल्या बायकांनी तिलाच उभी केली. त्यांच्या गल्लीत नळ नव्हता. पाण्याला जाण्यायेण्यात निम्मी सकाळ जायची आणि तेवढ्या बिड्या बुडायच्या. ती घरोघर एवढंच सांगत फिरली, की मी गल्लीत नळ आणते. आणि निवडून आली.

आप्पांनी आमच्या चावडीवर पेढे वाटले. छाती फुगवून म्हणाले, "पोरगी तिकडं निवडून आली, पन नाव अजून आमच्याच यादीत हाय!"

सगळे हसले. मीही हसलो, गाढवासारखा. त्या गर्दीत तिकडं निवडणुकीत तिच्यासमोर पडलेल्या बाईचा एक पाहुणाही पेढा खात उभा होता.

महिन्याभरात कोर्टात अर्ज पडला. एका बाईचं नाव दोन राज्यांच्या दोन याद्यांत, म्हणून कर्नाटकातलं नाव बेकायदा. नावच बेकायदा, तर निवडही रद्द करा. बहिणीच्या वकिलानं कागद चाळले आणि म्हणाला, "कागदावर या दोन वेगळ्या बायका आहेत. त्या एक आहेत हे सांगू शकेल असा माणूस म्हणजे यादीवर सही करणारा मास्तर. त्यालाच समोरच्यांनी साक्षीला बोलावलंय." मग माझ्याकडं वळला. "तुम्ही सांगा, यादीतली ती दुसरी बहीण. वारली. रेघ मारायची राहून गेली."

मी आप्पांकडं पाहिलं. माझं मनगट धरणारा हाच माणूस. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "म्हन तसं. पाप मला लागंल. पोरीचं निवडून आल्यालं जाऊ ने."

बहीण बिडीची पानं कातरत होती. "तू काय म्हणतेस?" मी विचारलं.

"तोंड तुझं हाय, अण्णा. मी काय सांगू?"

कोर्टात साहेब कानडीत विचारायचे आणि कारकून मराठीत सांगायचा. बहीण माझ्यापासून दहा हातांवर बसली होती. मांडीवर सूप नव्हतं, तरी तिची बोटं वळल्यासारखी हलत होती.

"यादीतली ही बाई तुमची कोण?"

"बहीण."

"ती आता कुठं आहे?"

एसटीत बसल्यापासून मी 'वारली' हा एकच शब्द घोकत आलो होतो. तोंडातून आलं, "ही काय, इथंच बसलीय."

मास्तर सत्याला जागला, असं गाव म्हणतं. म्हणू दे. मला नोकरीची भीती होती हे मला ठाऊक आहे. लग्न होऊन गेलेलीचं नाव राहिलं तर फार तर ताकीद मिळते, पण मेलेल्या बाईचं नाव दहा वर्षं माझ्या सहीनं चाललं, असं निघालं असतं तर मी घरी बसलो असतो. आणि ती समोर माझ्याकडं बघत असताना ती मेली असं म्हणायला जीभ वळली नाही, हेही खरं. यातलं जास्त खरं काय, ते मला आजही सांगता येत नाही, आणि त्याची लाज वाटते.

तिचं पद गेलं. तिकडच्या यादीतलं नावही कोर्टाच्या हुकमानं निघालं. मलाही आमच्या तालुक्यातून कागद आला आणि मी तिच्या नावावर तांबडी रेघ मारली. या खेपेला आप्पांनी हात धरला नाही. ते उठून गोठ्यात गेले.

मग तिचं नाव तिकडं पुन्हा लावायला मी चपला झिजवल्या. ते म्हणत, तुमच्याकडचं नाव निघाल्याचा दाखला आणा. आमचे म्हणत, नवी यादी छापून झाल्याशिवाय दाखला नाही. यादी छापून आली, तोवर तिकडची मुदत संपलेली.

तिकडच्या पुढच्या मतदानाच्या दिवशी मी तिच्याकडं गेलो. गल्लीतल्या बायका बोटाला शाई लावून, डोक्यावर घागरी घेऊन येत होत्या. नळ अजून आलाच नव्हता. बहीण उंबऱ्यात सूप घेऊन बिड्या वळत होती. मी खिशातला नवा अर्ज काढला आणि पेन उघडलं.

"सही कर. पुढच्या खेपेला नाव लागंल."

तिनं अर्जाकडं पाहिलं नाही. वळलेली एक बिडी उजेडात धरली, वाकडी होती, ती बाजूला ठेवली.

"छाट बिडी बी शेट टाकत न्हाय, अण्णा. खपवतो कुठंतरी." आणि मग विचारलं, "मी आता कुठल्या गावची रं?"

माझ्या हातात पेन उघडंच होतं. अर्जातला पहिलाच रकाना गावाचा होता.