गणवीर साहेबांचा अंगठा

एक अत्यंत गंभीर बाब मी आज जाहीर करणार आहे, तरी वाचकांनी हातातला चहाचा कप खाली ठेवावा. पांढरकवड्यात एके काळी एक अंगठा राहत असे. उजव्या हाताचा, सावळा, थोडा चपटा. त्याला जोडलेल्या माणसाचे नाव भाऊराव गणवीर. पण गावात मान होता तो अंगठ्याला. माणूस त्याच्या मागोमाग यायचा.

गणवीर साहेब कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतल्या ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून ते मूठभर कापूस उपसत, दोन चिमट्यांत धरून ओढत, खिशातल्या काळ्या मखमलीच्या तुकड्यावर तंतू आडवा ठेवून बघत आणि शेवटी आतली ओल कळावी म्हणून डोळे मिटून अंगठ्याने दाबत. मग निकाल लागे. "पहिली प्रत." नाहीतर, "दुसरी प्रत." त्यावर अपील नव्हते. कोणी हुज्जत घातली तर म्हणत, "डोयाले काय, कोनी बी फसवते. अंगठ्याले फसवून दाखव."

मी त्यांचा शेजारी. हायस्कूलात भूगोल शिकवायचो, म्हणून ते मला 'मास्तर' म्हणत आणि रविवारी केंद्रावर घेऊन जात. कापसाचे दिवस तेव्हा वाईट होते. भाव पडलेले, केंद्रे उशिरा उघडलेली, गाड्यांची रांग हायवेपर्यंत. चार-चार दिवस गाडीखाली झोपलेल्या माणसाला 'दुसरी प्रत' हे दोन शब्द कसे लागत असतील, ते मी त्या रांगेत पाहिले आहे. साहेबांनाही ते दिसत असे. म्हणूनच ते डोळे मिटत, असे मला वाटते.

अशाच एका रविवारी जवळच्या खेड्यातल्या दौलत कोल्हेच्या गाडीला दुसरी प्रत मिळाली. दौलत म्हणजे बसस्टँडच्या टपरीवरचा सर्वांत मोठा आवाज. तो गाडीवर उभा राहून ओरडला, "पांढराशुभ्र माल हाये साहेब! सारं गाव पाहून राह्यलं!"

"गावानं डोयानं पाह्यला," साहेब म्हणाले. "मी दाबून पाह्यला. दुसरी."

पुढे कित्येक वर्षे दौलत टपरीवर ही कहाणी सांगत असे. दर हंगामात त्याचा कापूस अधिक पांढरा होत गेला आणि साहेबांचा अंगठा अधिक दुष्ट.

पुढे ते केंद्रच बंद झाले. साहेब मुदतीआधी घरी बसले आणि त्यांनी एका डॉक्टरची जुनी डिझेल कार घेतली. अंगठा आता रिकामा होता. तो बाजारात वांगी दाबी, कापडाच्या दुकानात ठाण दाबी, आणि खाजगी व्यापाऱ्याकडे जाण्याआधी लोक चिमूटभर कापूस घेऊन दारात येत, तोही दाबी. मग एके दिवशी हायवेवरच्या रशीदभाई मेकॅनिकने बॉनेट उघडून एक वाक्य उच्चारले आणि लढाईला तोंड फुटले.

"साहब, टायमिंग बेल्ट बदल लो."

"काहून? तुटला काय?"

"तुटला नाही, म्हणून तर बोलतो. हा तुटला की आतले व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन खतम. याला बघून नाही, तारीख बघून बदलतात."

"कधी बसवला होता?"

"ते डॉक्टरसाहबको पूछो." डॉक्टर तोवर परदेशातल्या मुलाकडे कायमचे निघून गेले होते.

साहेबांनी वरचे झाकण काढायला लावले, डोळे मिटले आणि पट्ट्यावर अंगठा ठेवला. "पहिली प्रत," ते म्हणाले. "लाव झाकन."

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी हा सोहळा होऊ लागला. झाकण, अंगठा, पहिली प्रत. पट्टा फिरवून त्याची आतली, दातांची बाजू पाहावी, हे त्यांच्या मनात कधीच आले नाही. कापसाला कुठे आतली बाजू असते? रशीदभाई दरवेळी आकाशाकडे बघे. गणवीर वहिनी मात्र स्पष्ट बोलत. "अवो, तुमचा अंगठा कापसाचा हाये, रबराचा नाई!"

"तुले काय समजते? ताण तो ताण. धाग्याचा काय अन् रबराचा काय."

हे असेच चालले असते. पण प्रज्ञाला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी नागपूरहून बोलावणे आले. सकाळी अकराला हजर राहायचे. नाव पुकारले आणि उमेदवार उभा नसला, तर जागा पुढच्याला. त्या घरात आजवर कोणी डॉक्टर झाले नव्हते. वहिनी म्हणाल्या, आदल्या दिवशी एसटीनं जाऊ. साहेब दुखावले. "घरी गाडी असताना माही लेक लाल डब्यात जाईन?"

त्यानंतर जे घडले त्यात माझा हात होता, हे मी अभिमानाने कबूल करतो. साहेब पेन्शनच्या कागदासाठी, डिझेल वाचवायला म्हणून बसने, दिवसभर यवतमाळला गेले. बस फाट्यावर वळताच वहिनींनी गाडीची चावी माझ्या हातात ठेवली. रशीदभाईने जुना पट्टा काढून नवा चढवला, त्यावरची पांढरी अक्षरे घासून काढली आणि वर हायवेची चिमूटभर धूळ भुरभुरवली. इतका सुबक गुन्हा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

निघायच्या दिवशी पहाटे साहेबांनी स्वतः झाकण काढले. वहिनींनी पदर तोंडात कोंबला. प्रज्ञा मैलाच्या दगडासारखी उभी. अंगठा टेकला, डोळे मिटले. जरा जास्तच वेळ मिटले, असे मला वाटले.

"पाह्य," साहेब म्हणाले, "तसाच्या तसा. पहिली प्रत. अन् तुम्ही मले बदलाले सांगत होते!"

हिंगणघाटपर्यंत त्यांनी आम्हाला पट्ट्यावर व्याख्यान दिले. नागपूरला आम्ही दीड तास आधी पोचलो. प्रज्ञाचे नाव पुकारले गेले, ती उभी होती, जागा मिळाली. बाहेर येऊन तिने वडिलांच्या गळ्यात हात टाकले. हसत आणि रडत एका दमात ती बोलून गेली, "बाबा, चिडू नका हं, पट्टा नवा आहे! आम्ही परवाच बदलला!"

साहेबांनी आधी तिच्या पाठीवर थोपटले. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. परतीच्या वाटेवर ते फक्त दोनदा बोलले, दोन्ही वेळा टोलनाक्यावरच्या माणसाशी.

गाडी घरी न नेता त्यांनी थेट रशीदभाईकडे उभी केली आणि जुना पट्टा मागितला. रशीदभाईने तो उलटा वाकवून दाखवला. आतून बारीक चिराच चिरा. एक दात मुळापासून सुटत आलेला.

"कुठपर्यंत गेला असता?"

"हिंगणघाट भी नहीं देखता, साहब."

"मंग मले काहून नाई समजलं, रशीद?"

रशीदभाईने हात पुसले. "कपास दबाने से बोलती है, साहब. रबर चुप रहता."

मला वाटले, विषय संपला. दुसऱ्या दिवशी साहेब माझ्या दारात. "मास्तर, चाला. दौलतकडे जायचं हाये." वाटेत म्हणाले, "पट्ट्यात चुकला, तं कापसात चुकला नसन कशावरून? लोकाईचं वर्ष होतं ना त्या बोटाखाली."

दौलतने आम्हाला बाजेवर बसवले. साहेबांनी हात जोडले. "दौलत, त्या साली माह्या अंगठ्यानं तुह्यावर अन्याय केला असन तं माफ कर."

दौलत बायकोकडे बघे, गोठ्याकडे बघे. शेवटी चहा आला आणि त्याला राजाचे अवसान आले. "जाऊ द्या साहेब. चूक मानसाच्याच हातून होते. केलं माफ." मी त्याच्या मोठेपणाने भारावून गेलो. त्यानंतर टपरीवर ती कहाणी कोणी ऐकली नाही. मी त्याचे श्रेय क्षमेला दिले. भूगोलाचा मास्तर, माणसांत कच्चा.

साहेबांनी मात्र अंगठा म्यान केला. बॉनेटच्या आतून पांढऱ्या रंगाने पट्टा बसवल्याची तारीख लिहिली. ठरलेली वर्षे भरली तेव्हा पट्टा दिसायला ठणठणीत असूनही त्यांनी तो त्याच दिवशी बदलला, झाकणाला हातसुद्धा न लावता. बाजारात वांगी वहिनी निवडू लागल्या. कोणी कापूस घेऊन आलेच तर साहेब दोन्ही हात खिशात घालून म्हणत, "मले नाई समजत बावा आता. काट्यावाल्यालेच इचार." माणूस तोच होता; पण गणवीर साहेबांना भेटायला गेलो की ते घरी नाहीत, असे काहीतरी वाटे.

पुढे प्रज्ञा नागपूरला डॉक्टर म्हणून लागली आणि आईवडिलांना घेऊन जायचे ठरले. निघायच्या दिवशी दुपारी सगळी गल्ली जमली. रशीदभाईने शेवटचे म्हणून टायर तपासले. जय भीम झाले, डोळे पुसून झाले. साहेबांनी गाडी सुरू केली, तेवढ्यात दौलत कोल्हे गर्दीतून घुसला. म्हातारा झाला होता, धापा टाकत होता. त्याने खिडकीतून मूठ आत घातली. मुठीत कापूस होता.

"साहेब, एकडाव दाबून द्या. यंदाचा माल हाये."

साहेबांचे हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत. "मले नाई समजत, दौलत. तुह्याच गाडीत चुकलो ना मी."

दौलतने वहिनींकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, जमलेल्या सगळ्या गल्लीकडे पाहिले. त्याच्या कपाळावर घाम होता. आणि मग तो आवाज, टपरीवरचा तोच जुना आवाज, चालू इंजिनावरून सगळ्यांना ऐकू आला:

"नाई चुकले साहेब! पाणी मारलं होतं मी, दोन बादल्या!"