ठिगळाखालची बदकं

नवऱ्याचा दहावा घातल्यावर पुन्हा हिरव्या बांगड्या भरणारी बाई मी जन्मात एकच पाहिली. आमच्या रूटच्या शेवटच्या थांब्यावरची आक्का. लोक तिला वेडी म्हणाले, निर्लज्ज म्हणाले, आणखी काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी एस.टी.चा कंडक्टर, माणसं ओळखण्यात माझी हयात गेली. आक्का वेडी नव्हती हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगेन.

नाशिकहून त्र्यंबकच्या अंगाला एक फाटा फुटतो, तो धरणाच्या काठाशी जाऊन संपतो. तिथं आमची गाडी वळायची. काठाला आक्काची चहाची टपरी. टपरी म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री आणि एक काळाकुट्ट स्टोव्ह. पण बसण्याची तऱ्हा अजब! गिऱ्हाइकाकडे पाठ आणि तोंड पाण्याकडे. चहा गाळायची न बघता, सुट्टे पैसे द्यायची मागच्या मागे हात करून. नवा माणूस चिडायचा. "अहो बाई, इकडं बघा की जरा!" असं म्हणायचा. आक्का शांतपणे सांगायची, "तुमी काय पळून जानार हाय का चहा सोडून? तिकडं बघायला लागतं, बाबा." मग ओशाळून तो चहा प्यायचा. चहा मात्र झकास असायचा, आलं ठेचून घातलेला.

तिकडं बघायला लागायचं, कारण तिचा नवरा दामू तिकडे गेला होता. दामूची लाकडी होडी होती. पल्याडच्या पाड्यांवरची माणसं, त्यांच्या शेळ्या, तांदळाची पोती, सगळं तो ये-जा करून पोचवायचा. एका दुपारी रिकामी होडी घेऊन निघाला तो परत आलाच नाही. वारा नव्हता, पाऊस नव्हता, पाणी ताटासारखं सपाट होतं. गळ टाकले, जाळी ओढली, पण ना माणूस मिळाला ना होडीची एक फळी. आणि त्याच आठवड्यात पल्याडच्या पाड्यावरची एक बाईही नाहीशी झाली. झालं! लोकांना आणखी काय पाहिजे? दोघं होडीनं वरच्या अंगाला उतरली, होडी विकली, आता वापीला मजेत राहतात, असं ज्यानं त्यानं सांगायला सुरुवात केली. कुणी पाहिलं म्हणून विचारलं तर कुणीच पाहिलेलं नसायचं.

आक्काला मूल नव्हतं. सासरचे म्हणू लागले, मूल असतं तर गेला नसता. ही एक गोष्ट तिला भाल्यासारखी लागली होती. एकदा गाडी रिकामी होती, ड्रायव्हर झोपला होता, तेव्हा ती पाण्याकडेच बघत मला म्हणाली, "भाऊ, मी सप्तशृंगीला काय मागनं मागते ठावं हाय का? म्हनते, आई, माझा बुडालेला असू दे. पळालेला नको." माझ्या हातातला ग्लास तसाच राहिला. नवऱ्याचं मरण मागणारी बाई, आणि तेही त्याच्यावर इतका जीव असलेली! मी म्हटलं, "आक्का, असं बोलू नये." ती म्हणाली, "मग कसं बोलू, सांगा. मेला असंल तर तो माझा हाय. जित्ता असंल तर तिचा हाय."

या एका गोष्टीवर तिचं सगळं अडलं होतं. बांगड्या ठेवाव्या तर लोक हसत, उतरवाव्या तर कुठल्या तोंडानं? हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे आणि विधवांच्या ओळीतही कुणी बसवत नसे. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, "पल्याडचे का तुमी? काय कळलं का?" माझ्या गाडीतली पोरं तिची नक्कल करायची. एकदोघांना मी भर रस्त्यात उतरवलं होतं, पुढचं पुढे म्हणून.

मग ती होडी सापडली. आता धरणावर रिसॉर्टं झालीत, सुट्टीच्या दिवशी शहरातली गर्दी असते. सेल्फी काढता काढता एक कॉलेजचा मुलगा पाण्यात गेला, त्याला शोधायला पाणबुडे आले. धरण व्हायच्या आधी नदीचा डोह होता, तिथं पाणी भयंकर खोल आहे, ऐन उन्हाळ्यातही तळ उघडा पडत नाही. मुलगा दुसरीकडेच मिळाला बिचारा, पण डोहात उतरलेला पाणबुड्या वर येऊन म्हणाला, "खाली एक होडी आहे. आडवी पडलीय, अर्धी गाळात रुतलेली. नाव नाही, नंबर नाही. पुढच्या टोकाला डाव्या अंगाला पत्र्याचं ठिगळ दिसलं."

आक्काच्या हातातलं पातेलं खाली पडलं. दामूच्या होडीला एकच ठिगळ होतं, नाळेच्या म्हणजे पुढच्या टोकाच्या डाव्या अंगाला! ती धावत पाण्यात गुडघाभर शिरली आणि मोठ्यांदा रडली. पण ते रडणं नेहमीसारखं नव्हतं. तोंडानं एकच घोष चालला होता, "पळाला नाय! बघा रे मेल्यांनो, माझा पळाला नाय!" काठावरची सगळी माणसं रडली. मीही रडलो, त्यात लाज कसली. गाडी अर्धा तास उशिरा सुटली आणि एकाही पाशिंजरानं तक्रार केली नाही.

होडी काढणं शक्य नव्हतं. हाडंही मिळाली नाहीत. मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला आणि काठावरच दहावा घातला. दिरानं सगळं रीतसर केलं. पिंड ठेवला मात्र, कावळा झडप घालून शिवला. "बघा, आत्मा वाटच बघत होता!" म्हणून सगळ्यांनी हात जोडले. आता मी काय सांगू? धरणावरचे कावळे पर्यटकांच्या वेफर्सवर पोसलेले, ते पिंडाला काय, माझ्या तिकिटाच्या पेटीलाही शिवतात. पण तेव्हा माझ्याही मनात ते आलं नाही. आक्काच्या बांगड्या उतरवल्या. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर ती गिऱ्हाइकाकडे तोंड करून बसली होती. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच तिला चहा गाळताना समोरून पाहिलं. कपाळ मोकळं, पण चेहरा निवलेला. मला म्हणाली, "भाऊ, रात्री झोप लागली."

हे असंच राहिलं असतं तर किती बरं झालं असतं! पण तिला त्याची एक तरी वस्तू घरात हवी होती. पुढे तो पाणबुड्या कुठल्याशा कामाला पुन्हा आला, तेव्हा तिनं त्याचे पाय धरले. चांगला मुलगा होता. डोहात उतरला आणि ते ठिगळ कुजलेल्या फळीच्या तुकड्यासकट तिला आणून दिलं.

इथं या होड्यांचं एक सांगायला हवं. उन्हाळ्यात होडी काठावर पालथी घालून डांबर पाजतात. जिथं फळी फुटली तिथं तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकतात आणि पत्र्याखाली डांबरात भिजवलेलं कापड भरतात. ते कापड घरचंच लागतं, बाजारातली चिंधी चालत नाही. घरचं कापड पोटाशी असलं की होडी घराकडं वळते, अशी या लोकांची समजूत. आक्कानं आपलं हळदीचं लुगडं फाडून भरलं होतं. "पदर फाडताना मला रडू आलं व्हतं," असं ती नेहमी सांगायची.

मी पोचलो तेव्हा ती खुरप्यानं पत्रा उचकटत होती. तिला ते लुगडं हवं होतं. डांबर रॉकेलनं भिजवून तिनं घडी उलगडली. वरचा भाग काळा, पण आतल्या घडीत कापड जसंच्या तसं राहिलं होतं. ते पिवळं लुगडं नव्हतं. फिकट निळं होतं आणि त्यावर पिवळी बदकं होती. एका कडेला लहानशी बाही शाबूत होती, माझी दोन बोटं जेमतेम मावतील एवढी.

ती बाही तिनं तळहातावर पसरली. मी म्हटलं, "आक्का, दामूनं नंतर दुसरं कापड भरलं असेल."

"झबलं हाय हे, भाऊ," ती म्हणाली. "माझ्या घरात झबलं कुठनं येनार?"

"पण ठिगळ तर त्याच जागी होतं!"

तिनं होडीतून उतरायच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथं पाण्याखाली एक खडक आहे. काठाला लागताना होडीची नाळ डाव्या अंगानं त्याच्यावर आपटते. दामूचीच का, या काठाला लागणारी प्रत्येक होडी, मग ती लांबच्या परक्या माणसाची का असेना, तिथंच फुटायची आणि प्रत्येकीला ठिगळ तिथंच बसायचं. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. आनंदाच्या भरात एकालाही आठवलं नव्हतं.

मी हलक्या आवाजात म्हटलं, "आक्का, झाकून ठेव. जाळून टाक. दहावा झाला, लोकांची तोंडं बंद झाली, तुला झोप लागतेय. कुणाला काय कळतंय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली. "माझ्या नवऱ्याचं मरन मी दुसऱ्याच्या मढ्यावरनं घेऊ? अन् ज्याची ही होडी त्याच्या बाईचं काय? तिलाबी लोक म्हनत असतील, पळाला म्हनून. पोरगं कडंवर घेऊन बसली असंल ती वाट बघत. पोरगं आता केवढं झालं असंल, भाऊ!" आणि मग ती जी कोसळली, ते बघवत नव्हतं. छाती पिटत होती, पाण्याला शिव्या देत होती, दामूला शिव्या देत होती, देवीला देत होती. हातात ते झबलं मात्र घट्ट धरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याच गाडीनं त्र्यंबकला गेली आणि कासाराकडून हिरव्या बांगड्या भरून आली. दिरानं येणं-जाणं तोडलं. जत्रेतला तमाशा बघावा तसे लोक तिला बघायला यायचे. कुणी तोंडावर विचारलं तर सांगायची, "माझा कुठं हाय ते मला ठावं नाय. वापीला असंल नायतर पान्यात असंल. पन ती होडी त्याची नाय." पळून गेलेल्याची बायको म्हणून पुन्हा हसं करून घेणं तिनं आपण होऊन पत्करलं. आणि ती पुन्हा पाण्याकडे तोंड करून बसू लागली.

फरक एवढाच पडला, की आता ती दामूची विचारपूस करीत नसे. गाडीतून बाई उतरली की ते झबलं पुढे करायची. "बाई, हे वळखू येतं का? तुमच्याकडं कुनाची होडी गेलीय का? लहान पोर व्हतं घरात." पल्याडच्या पाड्यांवर पायी फिरली, द्राक्षाच्या कामाला येणाऱ्या टोळ्यांत फिरली. कुणी ओळखलं नाही. पोटासाठी मुलूख सोडून गेलेली माणसं, त्यातलं कोण परत आलं नाही याची खबर कोण ठेवतो?

गेल्या थंडीत ती न्यूमोनियानं गेली. तिला हिरवं नेसवायचं की पांढरं, यावर बायकांत वाद सुरू झाला, तेव्हा मी असा ओरडलो की काठावरचे कावळे उडाले. हिरवंच नेसवलं. दामू आला नाही. आला असता तर मी त्याला काय केलं असतं, देव जाणे.

जाण्याआधी दवाखान्यात तिनं ते झबलं माझ्या हातात दिलं. मी म्हटलं, "आक्का, मी रिटायर झालो, आता कुठं विचारू?" धाप लागली होती तरी ती म्हणाली, "लय मानसं वळखतात तुमाला. सापडली तर तिला येवढंच सांगा, बाई, तुझा पळाला नाय."

हे शब्द तिला स्वतःला कुणीतरी सांगावेत म्हणून ती जन्मभर पाण्याकडे बघत बसली होती. तिला ते कुणी सांगितले नाहीत. म्हणून विचारतो. तुमच्या ओळखीत आहे का अशी कुणी? नवरा होडी घेऊन गेलेला, घरात लहान पोर, आणि फिकट निळ्या झबल्यावर पिवळी बदकं.